सात रस्त्याजवळचं जनुकीय समुपदेशन केंद्र: एका सासूचा अनुभव

माझा शाळेचे युनिफॉर्म शिवायचा छोटा कारखाना आहे, सोलापुरात अक्कलकोट रोडला. आठ मशिनी, एक कटिंग मास्तर, आणि एप्रिल ते जून जेवायलाही फुरसत नाही. असा अभिप्राय मी आजवर कुठे लिहिलेला नाही. हा सुनेला विचारून लिहितेय. तिने वाचला, दोन ठिकाणी 'हे नको' म्हणाली, ते काढलं.

सून म्हणजे माझी भाचीच. मंगळवेढ्याच्या माझ्या दादाची थोरली मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करणं ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. मागणी मीच घातली. दादा म्हणाला होता, "तुझ्या घरात देतोय, मला काय बघायचंय?" लग्नानंतरही ती मला आत्याच म्हणते, आई म्हण असं मी कधी सांगितलं नाही.

2023 च्या जानेवारीत नातू झाला, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघायच्या आदल्या दिवशी. तीन किलोचं गोरंपान बाळ. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की याची मान धरत नाही. रडायचा, पण आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. पाय बेडकासारखे पडून राहायचे. डोळे मात्र असे लख्ख की दारात कोण आलं ते सगळ्यात आधी त्याला कळायचं. पुण्याला रक्त तपासलं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे स्नायू कमजोर होत जाणारा जनुकीय आजार, त्यातला पहिला प्रकार. एकदाच द्यायचं इंजेक्शन सोळा कोटींच्या घरात. सोळा कोटी हा आकडा ऐकून आम्ही दोघं नवराबायको एकमेकांकडे नुसते बघत बसलो होतो. सप्टेंबरात, गणपती बसायच्या आठवडाभर आधी, बाळ गेलं.

पुढचे चार-पाच महिने आमच्या घरात जे झालं ते लिहिल्याशिवाय या केंद्राची किंमत कळायची नाही. माझी नणंद म्हणाली, "तुझ्याच माहेरचं आलंय हे." दादाकडे वहिनी म्हणाली, आमच्या घरात असलं कधी नव्हतं. सुनेच्या पोटावर कुणीतरी अंगारा लावून गेलं. एका नातेवाइकाने माझ्या मुलाला सुचवलं की बाहेरची दुसरी बघू या, हिला माहेरी पाठव. आणि शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही 'पुढच्या वेळी काय करायचं' विचारायला गेलो, तेव्हा तिथले डॉक्टर फाइल न उघडता म्हणाले, "नात्यात लग्नं करता आणि मग इथं रडत येता." सून तिथून रिक्षात बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "आत्या, मी बाळाला मारलं का?"

या केंद्राचा पत्ता एका परिचारिकेने दिला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बाहेरगावाहून जनुकशास्त्राच्या डॉक्टरबाई येतात, एरवी त्यांची सहायक समुपदेशक असते. दारातच मराठीत पाटी आहे, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. कायद्याची प्रतही बाकावर ठेवलेली आहे, कुणीही उघडून वाचावी. आमचा पहिला शनिवार 2024 च्या फेब्रुवारीतला. मी, आमचे हे, मुलगा, सून, दादा आणि वहिनी असे सहाजण गेलो होतो. एवढी वरात बघून तोंड वाकडं होईल असं वाटलं होतं. बाईंनी बाहेरच्या खुर्च्या आत आणवल्या.

पहिली वीस मिनिटं त्यांनी फक्त वंशावळ काढली. मोठ्या कागदावर पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. माझ्या मुलाला आणि सुनेला जोडणारी रेघ त्यांनी दुहेरी काढली. "ही दुहेरी का?" मी विचारलं. म्हणाल्या, "नात्यातलं लग्न असं दाखवायची पद्धत आहे, एवढंच." खाली छोटा चौकोन काढला, आतून काळा भरला, त्यावरून तिरकी रेघ मारली. मग पेन बाजूला ठेवलं आणि सुनेला विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलं होतं?" पुण्यापासून सोलापूरपर्यंत एवढे डॉक्टर झाले, नाव कुणी विचारलं नव्हतं. तिने सांगितलं, बाईंनी ते चौकोनाखाली मराठीत लिहिलं.

मग त्या म्हणाल्या, "आता मला या दोघांशी एकट्यांशी बोलायचंय. काकू, तुम्ही सगळे जरा बाहेर बसता का?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. फी मी भरणार, गाडी माझी, सून माझी, भाची माझी, आणि मी बाहेर? बाहेरच्या बाकावर मी, दादा, वहिनी, हे, चौघं चार दिशांना तोंड करून बसलो होतो. पाऊण तास. आतून मधेच सुनेच्या रडण्याचा आवाज आला तशी मी उठले. समुपदेशक मुलीने हात धरून बसवलं. म्हणाली, "रडू द्या मावशी, पाच महिन्यांचं आहे ते."

आम्हाला परत आत घेतलं ते सुनेला विचारून. काय सांगायचं, किती सांगायचं, कुणासमोर, हे सगळं तिला विचारून. बाईंनी मला माझा धंदा विचारला आणि माझ्याच भाषेत सांगितलं. "तुमच्याकडे एका मापाच्या शर्टाचे कागदी पॅटर्न दोन ठेवता की नाही? एक फाटला तर दुसऱ्यावर काम चालतं. दोन्ही फाटले तर शर्ट निघत नाही. माणसाच्या अंगात जवळजवळ प्रत्येक पॅटर्नच्या अशा दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. या आजाराच्या जनुकाची एक प्रत नसलेली माणसं साधारण पन्नासात एक असतात. त्यांना काहीही होत नाही, आयुष्यभर पत्ताही लागत नाही. त्यांना वाहक म्हणतात. नवराबायको दोघं वाहक असले, तर प्रत्येक वेळी दोन्ही फाटक्या प्रती बाळाकडे जायची शक्यता चारात एक." आमचे हे लगेच म्हणाले, "म्हणजे एक झालं, आता पुढची तीन बरी निघतील?" नाही. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. हे त्यांनी चार चिठ्ठ्या करून, काढून, परत डब्यात टाकून दाखवलं. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्यासारखं गणित पुष्कळ घरांत करतात.

नात्यातल्या लग्नाबद्दलही आडपडदा ठेवला नाही आणि कुणाला लाजही आणली नाही. कुठल्याही जोडप्याला जन्मजात मोठा दोष असलेलं मूल होण्याची शक्यता शेकडा 2 ते 3 असते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. म्हणजे अशा शंभरातली नव्वदहून जास्त मुलं ठीक निघतात. "धोका वाढतो हे खरं आहे. पण ज्यांचं झालंय त्यांना त्यावरून बोलण्याचा अधिकार मला नाही," असं त्या म्हणाल्या. त्या मोठ्या दवाखान्यातल्या वाक्याचं ओझं सुनेच्या खांद्यावरून त्या क्षणी उतरलेलं मी बघितलं.

दोघांचं रक्त त्याच दिवशी घेतलं, जांभळ्या झाकणाच्या छोट्या नळ्यांत. नमुना बाहेरगावी जातो, रिपोर्टला तीन आठवडे लागले. दोघंही वाहक निघाले. रिपोर्ट मला नाही मिळाला. मी फोन केला तर समुपदेशक म्हणाली, "मावशी, तुमच्या सुनेला आणि मुलाला कळवलंय. त्यांच्याकडून ऐका." संध्याकाळी सुनेने स्वतः येऊन सांगितलं. तोपर्यंत माझ्या मनातली अढी थोडी सुटली होती, सगळी नाही.

दुसऱ्या भेटीला मी एकटी गेले, वेगळी वेळ मागून. मला माझं रक्त तपासायचं होतं. दोन्हीकडे प्रत फाटकी आहे, आणि दोन्ही घरांना जोडणारी माणसं कोण, तर मी आणि दादा. म्हणजे बहुतेक आमच्या आईकडून नाहीतर अण्णांकडून आम्हा दोघांत उतरलं. नणंद बोलली ते खरं की काय, हे मला कागदावर हवं होतं. बाईंनी नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "कळल्यावर तुम्ही त्याचं काय करणार?" मला उत्तर देता आलं नाही. मी म्हणाले, "माझ्या रक्ताने नातू गेला असेल तर मला माहीत तरी असावं."

त्यावर त्यांनी अर्जेंटिनाच्या आज्यांची गोष्ट सांगितली. नंतर मुलाकडून मोबाइलवर शोधून मी ती नीट वाचून घेतली.

तिथे 1976 ते 1983 लष्कराची हुकूमशाही होती. माणसं उचलून नेत, ती परत येत नसत. त्यांत गरोदर मुलीही होत्या. कैदेत बाळंतपण व्हायचं, बाळ दुसऱ्याच घरात दिलं जायचं, कित्येकदा लष्करातल्याच माणसांच्या, आणि आई नाहीशी व्हायची. अशी सुमारे 500 बाळं. त्यांच्या आज्या 1977 मध्ये एकत्र आल्या आणि ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो नावाच्या चौकावरून त्यांच्या संघटनेचं नाव पडलं. नातवंडं शोधायची, पण ओळखायची कशी? मूल कुणाचं हे आईबापाच्या रक्तावरून ठरतं, आणि आईबापच नाहीत. 1982 मध्ये त्यांच्यातल्या दोघी, चिचा मारियानी आणि एस्तेला दे कार्लोटो, न्यूयॉर्कला व्हिक्टर पेंचासाडे या डॉक्टरांना भेटल्या. मूळचे अर्जेंटिनाचेच बालरोगतज्ज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ. त्यांना 1975 मध्ये पळवून न्यायचा प्रयत्न झाला होता, म्हणून देश सोडून गेलेले. आज्यांनी विचारलं, आमच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का? त्यांनी ओळखीच्या शास्त्रज्ञांना कामाला लावलं. कॅलिफोर्नियाच्या मेरी-क्लेअर किंग यांनी चार आजी-आजोबांच्या रक्तातल्या खुणांवरून नातं ठरवायचं गणित बसवायला मदत केली. त्याला आज्यांच्या नावाचाच निर्देशांक म्हणतात. 1984 मध्ये या तपासणीच्या जोरावर पहिली नात तिच्या आजीकडे परत आली. 1987 मध्ये सरकारने कायदा करून त्या कुटुंबांच्या रक्ताची पेढी काढली, म्हणजे आजी वारली तरी तिचं रक्त नातवाची वाट बघत राहील. पुढे पेशीतल्या अशा एका भागाची तपासणी निघाली जो फक्त आईकडून मुलांकडे येतो. आईच्या आईचा तो जसाच्या तसा नातवात असतो. आजवर 140 च्या आसपास नातवंडं सापडली आहेत. एस्तेलाबाईंचा नातू 2014 मध्ये सापडला, तो 114 वा. चिचाबाई 2018 मध्ये वारल्या, त्यांची नात तोपर्यंत सापडली नव्हती.

बाई म्हणाल्या, "काकू, आजीच्या रक्ताने नातू जात नसतो. रक्तात काय आहे हे तुम्ही निवडलेलं नाही, तुमच्या आईनेही नाही. ते कशासाठी बघायचं हे मात्र आपण निवडू शकतो." मी त्या दिवशी रक्त न देता घरी आले. रस्त्यात सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर बराच वेळ बसले होते. नणंदेला त्यानंतर मी एकदाच सांगितलं की हा विषय माझ्या घरात पुन्हा काढायचा नाही, आणि तिने काढला नाही.

बाईंबद्दल चार शब्द. मूळच्या सोलापूरच्या. इथल्याच वैशंपायन कॉलेजात एमबीबीएस, मग बालरोग, मग लखनौच्या संजय गांधी संस्थेत जनुकशास्त्र. नंतर काही वर्षं त्यांनी आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्यांचं काम केलं. मी विचारलं, एवढं शिकून मोठ्या हॉस्पिटलात का नाही? तेव्हा एका गावची हकीकत सांगितली. तिथे तपासणीत वाहक निघालेल्या मुलामुलींची यादी कुणीतरी शाळेच्या भिंतीवर डकवली. हेतू वाईट नव्हता, लोकांना रिपोर्ट लवकर कळावेत एवढाच. त्या यादीतल्या मुलींची लग्नं ठरेनात. मुलांची ठरली. "रक्त तपासणं हे सार्वजनिक आरोग्य. ती यादी भिंतीवर न लागू देणं हेही त्यातच येतं. दुसरं जमत नसेल तर पहिलं करू नये," असं त्यांचं म्हणणं. सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची असं तेव्हा ठरलं. तेवढ्या चिठ्ठ्या तेवढ्याच घरांत गुपचूप पोचवायच्या म्हणजे केवढं काम, हे मला आता कळतं. पूर्वी बातमी वाचून पुढे गेले असते.

माझी धाकटी लेक पंधरा वर्षांची आहे. तिचंही रक्त तपासून टाकू, म्हणजे पुढे स्थळं बघताना बरं, असं मी म्हणाले. इथे बाईंनी स्पष्ट नकार दिला. ती स्वतः आजारी नाही, वाहक असली तरी आज तिच्यासाठी काही करायचं नाही, मग घाई कुणाची? अठरा पूर्ण झाल्यावर तिला सगळं सांगा, ती येईल, तिला हवं तर करू, आणि निकाल तिला देऊ. मी वाद घातला. माझी मुलगी आहे म्हणाले. "म्हणूनच," एवढंच म्हणाल्या. त्यावर मी घरी पुष्कळ विचार केला आणि मला ते पटलं. तिच्या कपाळावर शिक्का मारून तिला बाजारात उभी करायला मीच निघाले होते, आणि तेही काळजीपोटी.

सुनेला पुढचे मार्ग सांगितले तेव्हा मी नव्हते. तिने सांगितलं त्यावरून लिहिते. दिवस राहिल्यावर 11 ते 13 आठवड्यांत वारेचा छोटासा नमुना घेऊन तपासता येतं. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो आकड्यासकट सांगितला. नंतरच्या आठवड्यांत गर्भजल तपासता येतं. गर्भाशयाबाहेर गर्भ तयार करून, तपासून मग गर्भाशयात ठेवता येतो, त्याचा खर्च सांगितला. दत्तक आहे. काहीही न तपासता जे होईल ते स्वीकारणं आहे. मूल नको म्हणणंही आहे. यातलं अमुक करा असं एकदाही म्हणाल्या नाहीत. सून म्हणाली, "आत्या, मी तीनदा विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? तर म्हणाल्या, मी तुमच्या जागी नाही." मला आधी हे टाळणं वाटलं. पण आमच्या घरात प्रत्येकजण तिच्या जागी उभं राहून निर्णय द्यायला तयार होता, तिची जागा रिकामी ठेवणारी ही एकच बाई भेटली.

नमुना घ्यायच्या तपासणीआधी संमतीपत्र लागतं. कायद्यानेच ते बाईला समजेल त्या भाषेत हवं आणि एक प्रत तिला द्यायची. इथे ते मराठीत आहे, शेजारी कन्नड आणि तेलुगू प्रतीही होत्या. समुपदेशक मुलगी तिन्ही भाषा बोलते, सोलापुरात याची किती गरज आहे ते विडी कामगारांच्या वस्तीत राहणाऱ्याला विचारा. माझ्यासमोर एका तेलुगू बाईने फॉर्मवर अंगठा लावायला बोट पुढे केलं, तर तिला थांबवून सगळं वाचून दाखवलं आणि "आता तुम्ही मला सांगा काय समजलं" असं विचारलं. बाईने सांगितलं, मग अंगठा.

सुनेने पुढे काय ठरवलं, काय तपासलं, काय निघालं, हे मी इथे लिहिणार नाही. खोडायला सांगितलेल्या दोन जागांपैकी एक हीच होती.

उणिवाही सांगते. महिन्यातून एकच शनिवार हे फार कमी आहे, आम्हाला पहिली वेळ मिळायला सहा आठवडे लागले. ज्या बाईला आधीच दिवस गेलेत तिच्यासाठी सहा आठवडे म्हणजे सगळंच हातातून जाणं. अशांना आधी घेतात हे मला नंतर कळलं, पण फोनवर कुणी आपण होऊन सांगत नाही. तुम्ही सांगा, किती आठवडे झालेत ते पहिल्या वाक्यात सांगा. लिफ्ट दोन्ही वेळा बंद होती. अंगाने अधू मुलाला उचलून आणणारे आईबाप तो जिना चढताना मी बघितले, केंद्राने इमारतीच्या मालकाच्या मागे लागून हे करून घ्यायला हवं. समुपदेशनाचे आमच्याकडून आठशे रुपये घेतले, पिवळं रेशनकार्ड असलेल्यांकडून घेत नाहीत. पण तपासण्यांचे पैसे वेगळे आणि जास्त, ते प्रयोगशाळेला जातात. दोघांचे मिळून माझ्या एका महिन्याच्या धाग्या-बटणांच्या बिलाएवढे झाले. आधी विचारून घ्या, लपवत नाहीत.

येताना जुने सगळे कागद आणा, बाळ गेलं असेल तर त्याचेही. ते बघायला त्रास होतो, तरी आणा. ज्या बाईचा प्रश्न आहे तिलाच घेऊन या, तिच्याऐवजी सासू किंवा नवरा येऊन भागत नाही. आणि तीन पिढ्यांची माहिती काढून ठेवा, गेलेली मुलं धरून. माझ्या आईची माझ्याआधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. पहिल्या दिवशी ती सांगायची मी आणि दादा दोघंही विसरलो. दुसऱ्या भेटीत आठवलं, बाईंनी माझ्या वरच्या ओळीत दोन छोट्या खुणा वाढवल्या. ती कशाने गेली हे आता कळणं शक्य नाही असं म्हणाल्या. मुलगे होते की मुली, हेही मला सांगता आलं नाही, म्हणून त्या खुणा चौकोन नाहीत, गोलही नाहीत. अशा वेळी चौकट तिरकी काढतात. तुमच्याकडे विचारायला कुणी म्हातारं माणूस असेल तर निघायच्या आधी विचारून या.